संत्रं काही उठून दिसेना: कोलाज करायला बसलेल्या नवख्यांसाठी

पहिल्या वर्षाला आम्हाला विषय मिळाला 'माझं शहर'. माध्यम कोलाज, किमान तीन थर. नागपूरची पोर दुसरं काय करणार? मी नारिंगी घोटीव कागदाचे चार ताव आणले. आकाश नारिंगी, झिरो माईलचा खांब नारिंगी, रस्ता पिवळा आणि मधोमध हे एवढं मोठं संत्रं. रात्रभर जागून चिकटवलं. सकाळी सरांनी पान हातभर लांब धरलं आणि विचारलं, "यात संत्रं कुठाय?"

मला तेव्हा राग आला होता. आता दुसऱ्यांची पानं बघते तेव्हा तोच प्रश्न तोंडात येतो.

त्याच आठवड्यात मामासोबत कळमन्याच्या बाजारात गेले. नोव्हेंबर होता, आंबिया बहाराचा, म्हणजे संत्र्याच्या हिवाळी पिकाचा, माल उतरत होता. ढिगातली निम्मी फळं हिरवटच होती. रात्री पुरेशा गार झाल्या नाहीत, तर सालीतला हिरवा जात नाही. आत फळ गोड असतं. तणसावर ठेवलेला ढीग मळकट वाटत होता. त्याच ढिगातली चार फळं कुणीतरी निळ्या ताडपत्रीवर काढून ठेवली होती, ती मात्र पेटल्यासारखी दिसत होती. फळं तीच, खालचं अंथरूण बदललेलं. माझ्या पानावर संत्र्याला निळी ताडपत्री नव्हतीच, आजूबाजूला नुसती संत्रीच संत्री होती.

म्हणून चिकटवण्याआधी एक संध्याकाळ या खेळाला द्या. एकाच तावातून दोन सारखे चौकोन कापा. एक पिवळ्यावर ठेवा, एक करड्या निळ्यावर, आणि घरातल्या कुणालाही विचारा, दोन्ही रंग एकच आहेत का? माझी आई ठामपणे नाही म्हणाली. रंगांचा अभ्यास शिकवणारे चित्रकार जोसेफ आल्बर्स विद्यार्थ्यांना हा अभ्यास रंगाऐवजी रंगीत कागदावरच करायला लावत. कालवलेला रंग दर वेळी थोडा वेगळा होतो. कागदाचा तुकडा मात्र कुठेही ठेवला तरी तोच राहतो. त्यामुळे फरक दिसला तर तो शेजारामुळेच, हे लगेच कळतं. दुसरी तपासणी फुकटची: मांडणीचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. माझ्या पहिल्या पानाचा काढला, तर आकाश, खांब आणि संत्रं मिळून एकच राखाडी लगदा होता.

आता कागदाबद्दल, कारण नवख्यांचे पैसे इथेच जातात. चोवीस रंगांचं पाकीट घेऊ नका. संक्रांतीच्या आधी नागपूरच्या जुनी शुक्रवारीत जा आणि पतंगाचे ताव घ्या. मी मागितले तेव्हा दुकानदार काका म्हणाले, "पतंग बनवाची नाही तं एवढे ताव काऊन पाहिजेत बाप्पा?" हा कागद पारदर्शक असतो. पिवळ्यावर निळा ठेवला की हिरवा मिळतो, दोन गुलाबी एकावर एक ठेवले की गडद गुलाबी. थर म्हणजे काय, हे याच्याइतकं स्वस्तात दुसरं काही शिकवत नाही. पण ओला डिंक लागला की याचा रंग सुटतो आणि शेजारच्या पांढऱ्यावर पसरतो. माझं एक आख्खं आकाश असं गुलाबी झालं. तावाला कोरडी ग्लू स्टिक वापरा. जाड कागदाला फेविकॉल चालेल, पण पातळ हात द्या आणि वर वजन ठेवा, नाहीतर खालचं पान पुरीसारखं फुगतं. आणि कूलरसमोर बसून कोलाज करू नका! ओलसर वाऱ्याने कागद वळतात आणि सुटे तुकडे उडून पलंगाखाली जातात.

बाकी सगळं रद्दीत सापडतं. मात्र रद्दीतून संत्र्याचा फोटो कापून संत्रं म्हणून चिकटवलात, तर ते शाळेतल्या चिकटवहीसारखं दिसतं. १९१२ मध्ये फ्रेंच चित्रकार ब्राकने लाकडाच्या रेषा छापलेला वॉलपेपर दुकानातून आणून चित्रात चिकटवला. कापलेला कागद स्वतःहून वेगळं काहीतरी होतो, तिथे मजा आहे. माझं दुसरं संत्रं संत्रा बर्फीच्या डब्याच्या झाकणातून आलं. रुपयाच्या नाण्याएवढं. खाली करड्या वर्तमानपत्राच्या इमारती, त्यावर ट्रेसिंग पेपरचा धुरकट थर, त्यावर निळ्या तावाची पट्टी आणि तिच्यावर ते झाकण. ट्रेसिंगखाली गेलेली गोष्ट फिकी होऊन मागे सरकते. खोली दाखवायला एवढं पुरलं, पर्स्पेक्टिव्हच्या रेघा मारायची गरज पडली नाही.

आणि डिंकाची बाटली शेवटपर्यंत उघडू नका. तुकडे नुसते ठेवा, सरकवा, प्रत्येक मांडणीचा फोटो काढा. त्या पानाचे माझ्याकडे एकोणीस फोटो होते आणि निवडली ती सातवी मांडणी. चिकटवताना मागून पुढे या.

दुसऱ्या वर्षी हेच फोटोशॉपमध्ये करावं लागतं. ज्याने ताव एकमेकांवर ठेवलेत त्याला मल्टिप्लाय, म्हणजे वरच्या थराचा रंग खालच्यात मिसळून गडद करणारा पर्याय, वेगळं शिकवावं लागत नाही. लेयरना, म्हणजे तिथल्या थरांना, नावं द्या, एवढंच सांगते. 'लेयर ४७ कॉपी ३' शोधण्यात मी सबमिशनची एक रात्र घालवली आहे. वर्तमानपत्र स्कॅन केलं तर छपाईच्या ठिपक्यांमुळे जाळीदार लाटा उमटतात. पान स्कॅनरवर थोडं तिरकं ठेवून बघा.

छपाईत पुन्हा संत्र्यानेच दगा दिला. स्क्रीनवर झगझगीत, पोस्टर हातात आलं तर विटकरी. चूक प्रिंटवाल्याची समजून मी दुकानात बरीच हुज्जत घातली. मग त्याने शांतपणे दाखवलं, की मी फाइल आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाच्या रंगांत, दिली होती. स्क्रीनचा नारिंगी प्रकाशाचा असतो. चार शाईंच्या छपाईत तो पिवळी आणि मॅजेंटा मिळून बनतो, आणि तेवढं तेज त्यांच्यात नसतंच. फाइल आधीच सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या त्या चार शाईंच्या रंगांत, बदलून बघितली असती, तर रंग कुठे मरतोय ते घरीच कळलं असतं. दुसऱ्या खेपेला मी नारिंगीला हातही लावला नाही. आजूबाजूचा निळा थोडा गडद आणि मळका केला. त्याच शाईत संत्रं बरंच वर आलं.

ते बर्फीच्या झाकणाचं पान अजून घरी आहे. पाच वर्षांत वर्तमानपत्र पिवळं पडलं, निळ्या तावाचा रंग उडून तो जवळजवळ पांढरा झाला. झाकण जसंच्या तसं आहे, तरी संत्रं पहिल्यासारखं दिसत नाही. परवा चुलतबहीण ते बघून म्हणाली, "ताई, यात संत्रं कुठं आहे?"