स्पर पायाला बसवताना: आधी बूट, मग दांडी, गादी शेवटी

झाडावर चढायचे स्पर, म्हणजे पायाला बांधायच्या काटा असलेल्या दांड्या, पहिल्यांदा बांधले की दहा-पंधरा मिनिटांत नडगी ठणकायला लागते. नवशिका लगेच गादीला दोष देतो. तिच्याखाली फोम कोंबतो, वरचा पट्टा आणखी आवळतो, आणि दुखणं वाढतं. नव्वद टक्के वेळा चूक खाली असते, बुटात किंवा दांडीच्या उंचीत. म्हणून इथला क्रमही तळव्याकडून वर जाणारा आहे.

त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. झाड जगणार असेल तर त्यावर स्पर लावायचे नाहीत. काटा साल फोडून आतल्या जिवंत थरात घुसतो आणि प्रत्येक पावलागणिक एक जखम मागे राहते. त्यातून कुजवणारी बुरशी शिरते. नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवरचे कडुनिंब आणि शिरीष फक्त छाटायचे असतील तर दोर आणि हार्नेस वापरा. पाम जातीच्या झाडांना तर साल भरून काढणारा थरच नसतो, त्यामुळे बॉटल पामला पडलेलं भोक कायमचं राहतं. स्पर तोडणीसाठी असतात, नाहीतर वर अडकलेल्या माणसाला तातडीने उतरवण्यासाठी. तोडणीला परवानगी लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा आहे, आणि शहरात अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागाकडे जातो. ठेकेदार "कागद येतोय, चढा" म्हणाला तरी चढू नका.

आता अवजार. पायाच्या आतल्या बाजूने घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत जाते ती दांडी. तिच्या खालच्या टोकाला तळव्याखाली येणारी लोखंडी पट्टी म्हणजे रिकीब. रिकिबीच्या बाजूला तिरपा उतरलेला टोकदार काटा असतो, त्याला गॅफ म्हणतात. वर नडगीला टेकणारी गादी, घोट्याभोवती खालचा पट्टा, पोटरीभोवती वरचा पट्टा. काट्याचे दोन प्रकार मिळतात: खांबाचा, साधारण दीड इंची, आणि झाडाचा, अडीच इंचांच्या वर. आपल्याकडे विजेचे खांब लोखंडी नाहीतर सिमेंटचे, म्हणून खांबाचा काटा फारसा दिसत नाही, पण जुन्या बाजारात जोड घेताना तो हातात येऊ शकतो. मोजून घ्या. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल किंवा जुन्या बाभळीची जाड साल असेल तर आखूड काटा लाकडापर्यंत पोचतच नाही, सालीतच अडकतो आणि सालीच्या ढलपीसकट सुटतो. उलट पातळ सालीच्या झाडावर फार लांब काटा पाऊल खोडापासून दूर ठेवतो आणि नडगीवर जास्त ताण आणतो. निलगिरीची सुटलेली सोललेली साल आधी काढून टाकल्याशिवाय कुठलाच काटा भरवशाचा नाही.

दुखतं का, ते समजलं की अर्धं काम होतं. वजन तळव्यावर येतं, पण दांडी तळव्याच्या मध्यात नसते. ती आतल्या कडेला असते, मध्यापासून पाच-सहा सेंटिमीटरवर. त्यामुळे वजन पडलं की रिकीब बाहेरच्या बाजूला खाली दबते आणि दांडीचं वरचं टोक नडगीत घुसतं, पहारीने दगड उचलतो तसं. ढोबळ हिशेब करा: ७० किलो वजन एका पायावर, अंतर साडेपाच सेंटिमीटर. दांडी ४२ सेंटिमीटरची असेल तर गादीवर साधारण ९ किलोचा दाब येतो. तीच दांडी ३६ ची ठेवली तर दाब जवळपास ११ किलो होतो, आणि तोही नडगीच्या मधल्या, मांस नसलेल्या हाडावर. म्हणून "आखूड दांडी हलकी, सोयीची" हा समज साफ चुकीचा आहे. दांडी बेतात बसेल तितकी लांबच हवी.

आधी बूट. स्पोर्ट्स शूज किंवा गमबूट घालून माप घेतलंत तर पुढचं सगळं वाया जाईल. सोल कडक हवा, मधोमध धातूची किंवा जाड फायबरची पट्टी असलेला, म्हणजे रिकीब तळपायाच्या कमानीत रुतणार नाही. तपासायची पद्धत सोपी: बूट दोन्ही हातांनी मधोमध वाकवा. वाकला तर नको. टाच पुढून सरळ उतरलेली असावी, किमान अर्धा इंच, म्हणजे रिकीब तिला टेकून राहील, मागे सरकणार नाही. उंची सहा ते आठ इंच. इतवारीत सहज मिळणारे घोट्यापर्यंतचे सेफ्टी शूज इथे कमी पडतात, कारण खालचा पट्टा बुटाच्या काठावर येतो आणि घोट्याच्या वर सोलवटतं.

मग दांडीची उंची. कामावर घालणार तेच मोजे, तेच बूट घाला. सरळ उभे राहा, एका माणसाला टेप धरायला सांगा. बुटाच्या तळाला कमानीच्या जागी टेपचं टोक लावायचं आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूचं हाताला लागणारं ठसठशीत हाड गाठायचं. आलेल्या मापातून चार सूत, म्हणजे अर्धा इंच, वजा करा. सतरा इंच भरलं तर दांडी साडेसोळाची लावायची. बहुतेक दांड्यांची भोकं दोन-दोन सुतांच्या अंतरावर असतात, तेव्हा जवळचं खालचं भोक धरा. दोन्ही पायांचं माप वेगळं घ्या. पाच-सहा मिलिमीटरचा फरक अगदी सर्रास असतो, आणि तो दुर्लक्षून बसवलेला जोड नेहमी एकाच पायाला दुखतो.

बसवल्यावर गुडघा पूर्ण वाकवून पाहा. गादीचा वरचा काठ वाटीला लागला तर दांडी एक भोक खाली घ्या. आणि वरचा पट्टा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जे छोटं गोल हाड हाताला लागतं, त्याच्या मागेपुढे येता कामा नये. तिथून पावलाच्या वरच्या बाजूला जाणारी शीर वळते. पट्ट्याखाली ती दाबली गेली की पावलाच्या वर मुंग्या येतात, अंगठा उचलता येत नाही. हे लक्षण दिसलं की "सवय होईल" म्हणून सोडून देऊ नका. ताबडतोब उतरा, पट्टा खाली आणा.

पट्टे बांधायचा क्रम खालून वर. खालचा पट्टा घट्ट बांधा, इतका की पाऊल उचलल्यावर रिकीब तळव्याला चिकटून वर यावी. ती लोंबकळली तर प्रत्येक पावलाला दांडी फिरते आणि गादी नडगीवर कानशीसारखी घासते. वरचा पट्टा मात्र गुडघा थोडा वाकवून, त्या पायावर वजन टाकून बांधा, कारण पोटरी ताणली की फुगते. उभ्याने सैल पायावर बांधलात तर वर गेल्यावर पट्टा आवळेल. तर्जनी अडकेल इतकी जागा ठेवा. बक्कल बाहेरच्या बाजूला, पट्ट्याचं मोकळं टोक मागे वळवून खोचलेलं. आत लटकणारं टोक दुसऱ्या पायाच्या काट्यात अडकून माणूस पडतो. चामड्याचा नवा पट्टा पहिल्या दहा मिनिटांत ताणतो, तेव्हा एकदा खाली येऊन तो पुन्हा आवळावा.

पँटची घडी गादीखाली नको. एकच चुणी संध्याकाळपर्यंत रक्ताळलेली रेघ काढते. गुडघ्याखालपर्यंत येणारे जाड मोजे ओढून घ्या, पँट त्यांच्यात खोचा, त्यावर गादी.

इतकं झाल्यावर मग गादीचा विचार. रुंद, पोटरीला अर्ध्यावर वळसा घालणारी घेतली तर दाब पसरतो. उशीचा मऊ फोम लावू नका. वजनाखाली तो पापडासारखा बसतो आणि वर दांडी डुगडुगते. घट्ट रबरी शीट, सहा ते आठ मिलिमीटरची, आणि तिच्यावर पातळ चामडं, एवढं पुरे.

पहिली चाचणी झाडावर नको. तोडलेल्या झाडाचा फूटभर जाड ओंडका जमिनीत पक्का रोवा, जमिनीपासून हातभर वर काटे टोचा, कमरेचा दोर ओंडक्याभोवती घ्या आणि पंधरा मिनिटं उभे राहा. गुडघे खोडापासून दूर, कंबर मागे. खोडाला मिठी मारली की काट्याचा कोन बदलतो, तो निसटतो, आणि दांडीही नडगीवर तिरपी दाबते. मग उतरून मोजे खाली करा आणि बघा. गादीखाली सगळीकडे सारखी गुलाबी छटा असेल तर बसवणी ठीक आहे. एका काठावर लाल रेघ असेल तर दांडी फिरते आहे, खालचा पट्टा तपासा. कमानीत वळ असेल तर बुटाचा दोष.

नागपूरच्या उन्हात यात भर पडते. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. उन्हात ठेवलेल्या दांडीला हात लावणंही कठीण होतं, तेव्हा जोड सावलीत ठेवा. दुपारपर्यंत पाय सुजतात, सकाळी सहाला बरोबर बांधलेला पट्टा अकराला आवळतो. पावसाळ्यापूर्वीचं काम सकाळी उरकतात ते यासाठीही. घामाच्या मिठाने चामडं कडक होऊन तडकतं. संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, आठवड्याला तेलाचा हात द्या.

काटा बोथट झाला तरी पाय दुखतो, कारण मग माणूस लाथ मारून टोचतो आणि दणका गुडघ्यापर्यंत जातो. धार फक्त खालच्या बाजूने, बारीक कानशीने, मागून टोकाकडे लावायची. ग्राइंडर कधीच नाही. लोखंड निळं पडलं की पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, समजा. असा काटा वजनाखाली वाकतो. काटा बदलता येत असेल तर दोन्ही पायांचे एकदम बदला, आणि स्क्रू रोज सकाळी चढण्यापूर्वी आवळून पाहा.