आयसीयूत पहिल्यांदा पोस्टिंग आहे? सेप्सिसमधल्या हृदयाबद्दल थोडं

पुढच्या महिन्यात आयसीयूत येणाऱ्या ज्युनिअर्ससाठी लिहितेय, कारण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर एका पेशंटची एक रात्र वाया गेली नसती.

पन्नाशीचे काका, न्यूमोनियातून सेप्टिक शॉक (सेप्सिस म्हणजे संसर्गाने सगळं शरीर बिघडणं, त्यात बीपी कोसळलेलं), बीपी ७०/४०. मी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, हृदय मस्त जोरात चाललेलं, ईएफ (डावा खालचा कप्पा, म्हणजे एलव्ही, दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो) ६० च्या आसपास, लगेच नोटमध्ये 'एलव्ही फंक्शन चांगलं' लिहून मोकळी झाले. मग सलाईन दिलं, नॉरअॅड (रक्तवाहिन्या आवळणारं नॉरअॅड्रेनालिन) चढवलं, एमएपी (सरासरी बीपी) ६५ च्या वर आला आणि मी निवांत झाले. पहाटे मॅडमनी इकोचा प्रोब ठेवला तर ईएफ ३०, लघवी थेंब थेंब, पाय गार, आणि सलाईन रात्रभर चालूच. मला वाटलं मध्येच अटॅक आला की काय. तसं काही नव्हतं. सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्या सैल पडतात, हृदयाला समोरून विरोधच राहत नाही, मग थकलेलं हृदयसुद्धा झकास पंप करताना दिसतं, आणि नॉरअॅडने वाहिन्या आवळल्या की त्याची खरी ताकद कळते. म्हणजे ईएफ हा आकडा एकटा वाचायचाच नाही, आणि औषध बदललं की इको परत करायचा.

आता ईएफपेक्षा माझा जीव व्हीटीआयवर (दर ठोक्याला किती रक्त बाहेर पडतं याचा अंदाज देणारं इकोवरचं माप) जास्त आहे. एपिकल फाइव्ह चेंबर व्ह्यू (हृदयाच्या टोकाशी प्रोब ठेवून दिसणारं चित्र) घ्या, एलव्हीओटीत (एलव्हीतून रक्त बाहेर पडायच्या वाटेत) रक्ताचा वेग मोजणारा पल्स वेव्ह डॉपलर लावा, साधारण १८ ते २२ सेंमी यायला हवा. सुरुवातीला व्ह्यू मिळत नाही, रडू येतं, पण रोज दोन-तीन पेशंटवर हात बसवा. सलाईन द्यायचं की नाही हे ठरवायला पाय वर करून बघा, पण नुसते हाताने पाय उचलायचे नाहीत, पेशंट आधी अर्धवट बसलेला हवा आणि मग बेडनेच डोकं खाली, पाय वर. मिनिटभरात व्हीटीआय १० ते १५ टक्के वाढला तर सलाईनने फरक पडेल. नाही वाढला तर उगाच बाटली लावू नका, फुफ्फुसं भरतात. सीव्हीपीवरून (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतल्या दाबावरून) हे कळत नाही.

मशीन नसेल तरी बोट आहे ना. बोटाच्या टोकावर काचेची स्लाइड १० सेकंद दाबा, सोडल्यावर रंग परत यायला ३ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर बीपी कितीही छान असो, रक्त टोकापर्यंत नीट पोचत नाहीये. सेप्टिक शॉकवरच्या २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक ट्रायलमध्ये हेच दर अर्ध्या तासाने बघत उपचार केले होते.

डोब्युटामिन (हृदयाचं आकुंचन वाढवणारं औषध) मनाने सुरू करू नका, सिनियरला विचारा. एलव्ही छोटा, रिकामा आणि जोरात आकुंचन पावणारा असेल तर डोब्युटामिनने एलव्हीओटीतच अडथळा होऊन बीपी आणखी पडू शकतं, तिथे सलाईनच लागतं.

नातेवाईक विचारतात, "हार्ट गेलं का?" सेप्सिसमुळे मंदावलेलं हृदय जे पेशंट वाचतात त्यांच्यात बहुतेक वेळा ७ ते १० दिवसांत सावरतं, हे १९८४ पासून माहीत आहे, त्यामुळे घाबरवू नका, पण खोटी खात्रीही देऊ नका.

काकांना वॉर्डात हलवायच्या दिवशी मी परत इको केला, ईएफ ५५. आणि या वेळी नोटमध्ये शेजारीच वेळ लिहिली, बीपी १२४/७६ लिहिलं, नॉरअॅड बंद हेही लिहिलं.