चिपमंक जमिनीवर सुरक्षित कसे चालवावे

१९४६ साली कॅनडात प्रथम उडालेल्या आणि पुढे ब्रिटिश हवाई दलाने प्राथमिक प्रशिक्षणासाठी वापरलेल्या चिपमंक विमानाला शेपटीखाली चाक असल्याने जमिनीवर त्याचे नाक वर राहते व समोरचा रस्ता झाकला जातो. म्हणून टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चाकांवर चालवताना, ते नागमोडी न्यावे आणि प्रत्येक वळणावर मोकळ्या झालेल्या बाजूने पुढे पाहून घ्यावे.

ब्रेकची दांडी काही खाचा ओढून ठेवली, की रडरचे (शेपटीवरच्या दिशा वळवणाऱ्या उभ्या पट्टीचे) पेडल दाबल्यावर त्या बाजूच्या चाकाला ब्रेक लागतो. विमान धावपट्टीवर उतरवण्यापूर्वी मात्र ती दांडी पूर्ण सोडलेली आहे, हे हाताने चाचपूनच पाहावे. नुसत्या नजरेवर विसंबू नये, कारण ब्रेक लागलेले राहिल्यास विमान नाकावर कलंडू शकते.

विमानाच्या नाकावरील पंख्याला (प्रोपेलरला) हात लावताना, इंजिनाचा स्विच बंद दिसला तरी, तो स्विच चालूच आहे असे समजावे.