म्युनिक ते लिस्बन किती लांब? साताऱ्यात बसून काढायचा हिशेब

मुलगा म्युनिकहून लिस्बनला गेला, त्या दिवशी माझा जीव तासभर टांगणीला लागला होता. तिकिटावर सुटायची वेळ सकाळी १०, पोचायची १२.१५. मी सव्वादोन तास धरले. उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे, म्हणून पावणेचारपासून फोनकडे बघत बसले. विमान उतरलं पावणेपाचला. तुमच्याही घरातलं कुणी तिकडे असेल तर हा हिशेब शिकून ठेवा.

आधी अंतर. साताऱ्याहून पुणं एसटीने ११० किलोमीटर, कारण खंबाटकीची वळणं त्यात येतात. सरळ रेषेत ते ९५च्या आसपास भरतं. विमानासाठी ही सरळ रेषाच धरायची. पण भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावू नका, तिथे उत्तरेकडचे देश बहुधा ताणलेले असतात. पोरांचा पृथ्वीगोल खाली काढा आणि शिवणाचा दोरा घ्या.

एक टोक म्युनिकवर, दोरा ताणून लिस्बनपर्यंत, तिथे चिमटीत धरा. आता तेवढाच दोरा एखाद्या रेखावृत्तावर विषुववृत्तापासून वर उभा लावा आणि किती अंश भरतो ते वाचा. उभ्या रेषेवरचा १ अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, पृथ्वीवर कुठेही. दोरा युरोपातच आडवा लावून अंश मोजले तर फसाल. म्युनिकपाशी आडवा १ अंश जेमतेम ७४ किलोमीटरचा असतो. मी शाळेत भूगोल शिकवायचे, तेव्हा मुलांना हा फरक दोऱ्यानेच पटायचा. माझा दोरा पावणेअठरा अंश भरला. गुणिले १११, म्हणजे सुमारे १,९७० किलोमीटर. लहान गोलावर अर्धा अंश इकडेतिकडे होणारच.

वेळ काढायला अंतराला ८०० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. विमान वर गेल्यावर ताशी ८०० ते ९०० किलोमीटरने जातं, पण चढताना-उतरताना आणि धावपट्टीपर्यंत जाताना वेळ जातोच. इथे अडीच अधिक अर्धा, म्हणजे तीन तास.

मग तिकिटावर सव्वादोन कसे? दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात, आणि पोर्तुगाल जर्मनीच्या एक तास मागे आहे. परतीचं तिकीट हाताशी असेल तर फार सोपं. त्याचं परतीचं विमान दुपारी १ ला सुटून ५.१० ला पोचणार होतं, म्हणजे कागदावर ४ तास १० मिनिटं. जातानाचे २ तास १५ मिनिटं त्यात मिळवले की ६ तास २५ मिनिटं, त्याचं निम्मं ३ तास १२ मिनिटं. घड्याळांचा फरक एकदा वजा, एकदा अधिक होऊन आपोआप उडतो. पश्चिमेकडून येणाऱ्या वरच्या वाऱ्याचा परिणामही बराचसा असाच फिटतो.

साताऱ्याच्या घड्याळाशी जुळवायचं तर पोचायच्या गावाचा फरक धरा, निघायच्या गावाचा नको. लिस्बन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, कॅलेंडरवर तिथे खूण करून ठेवा. आणि विमान टेकल्यावर सामान हातात पडायला वेळ लागतो. मी आता त्या वेळेत अर्धा तास मिळवूनच फोन जवळ घेते.