दुसऱ्या अल्बमसाठी स्टुडिओत शिरण्यापूर्वी

पहिला अल्बम गाजल्यावर दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाला निघालेल्या रॉक बँडसाठी ही तयारीची यादी लिहीत आहे, कारण आमच्या बँडने हीच तयारी एकदा अर्धवट केली आणि मास्टर होऊन, म्हणजे आवाजावर शेवटचा हात फिरून आलेला, पूर्ण झालेला अल्बम आठ महिने हार्ड डिस्कवर पडून राहिला. वाजवण्यात आम्ही कमी पडलो नव्हतो आणि पैशांतही नाही. गाण्यांतल्या वाट्यांचा एक कागद राहिला होता. त्या कागदाबद्दल पुढे पुन्हा पुन्हा लिहिणार आहे आणि कोणाला कंटाळा आला तरी लिहिणार आहे.

जादा तारा, केबल, बॅटऱ्या, ड्रमच्या काठ्या यांची आठवण करून द्यावी लागत असेल तर स्टुडिओ अजून घेऊच नये.

सुरुवात गाण्यांपासून करावी. आमच्या पहिल्या अल्बममधली गाणी पाच वर्षे कॉलेजांच्या महोत्सवांत वाजून घासली गेली होती. कोणत्या कडव्याला लोक मोबाइल बघू लागतात हे आम्हाला स्टुडिओत जाण्याआधीच कळलेले होते. दुसऱ्या वेळची गाणी मात्र कार्यक्रमाआधीच्या साउंडचेकच्या उरलेल्या वीस मिनिटांत आणि पुण्याहून रात्री परतणाऱ्या गाडीत तयार झाली आणि ती बँडबाहेरच्या कोणीही ऐकलेली नव्हती. तेव्हा प्रत्येक नवे गाणे निदान सहा वेळा अनोळखी लोकांपुढे वाजवावे, आणि तेही गाजलेल्या गाण्याच्या आधी, कारण ते वाजून गेल्यावर लोक कशालाही टाळ्या देतात.

लय आणि पट्टी यांवर घाईत निर्णय घेऊ नये. वर्षभर स्टेजवर वाजवणाऱ्या बँडचे हात नकळत वेगवान होतात. आमचे एक गाणे मिनिटाला १०४ ठोक्यांच्या मूळ लयीवरून ११६पर्यंत चढले होते आणि क्लिकवर, म्हणजे कानात ठरावीक ठोके ऐकत, पहिला टेक घेईपर्यंत ते आमच्या कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. गायकाला त्या वेगात दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीला श्वास घ्यायला जागाच उरत नव्हती. म्हणून लय घरी, शांत बसून, शब्द मोठ्याने म्हणत ठरवावी आणि आकडा लिहून ठेवावा. पट्टी ठरवताना गायकाचा आवाज कार्यक्रमाच्या रात्री तापलेला असतो तसा धरू नये; स्टुडिओत त्याला सकाळी अकरा वाजता, थंड खोलीत, तीच ओळ तीस वेळा म्हणायची असते.

आता तो कागद. प्रत्येक गाण्याचे शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि कोणाचा वाटा किती टक्के हे लिहिलेला, सर्वांच्या सह्यांचा आणि तारखेचा कागद स्टुडिओची पहिली शिफ्ट सुरू होण्यापूर्वी हातात असला पाहिजे. मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आणि गायनाचे आवाज एकत्र बसवणे, चालू असताना किंवा प्रकाशनाची तारीख जाहीर झाल्यावर तो करू म्हणणे म्हणजे तो न करणे होय.

आमच्याकडे काय घडले ते सांगतो. अल्बममधले तिसरे गाणे एका रिफवर, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यावर, उभे आहे. वितरणासाठी नावे भरताना संगीतकार म्हणून माझे एकट्याचे नाव मी भरले, कारण चाल मी बांधली होती असे मला मनापासून वाटत होते. दुसऱ्या दिवशी आमच्या ऱ्हिदम गिटारवाल्याने मला ४१ सेकंदांचा व्हॉइस मेमो पाठवला. डोंबिवलीच्या त्याच्या घरात, मागे कुकरची शिट्टी वाजत असताना, तो रिफ तो एकटाच वाजवत होता, आणि तारीख आमच्या पहिल्या सरावाच्या तीन आठवडे आधीची होती. तो खरे बोलत होता. मीही खोटे बोलत नव्हतो. त्या रिफवरची गायनाची चाल माझीच होती. वाटा किती, या एका प्रश्नावर मग उरलेल्या सगळ्या गाण्यांचे हिशेब उघडले गेले, वकील आले, ठरलेला हॉल रद्द झाला आणि एकाच ताटात जेवलेली माणसे एकमेकांना ईमेलवर ‘आपण’ म्हणू लागली.

पहिल्या अल्बमच्या वेळी हे घडत नाही, कारण तेव्हा वाटून घेण्यासारखे काही नसते. यश आल्यावर टक्क्यांना किंमत येते, आणि ही गोष्ट आमच्यासारख्या लहान बँडपुरती नाही. निर्वाना या अमेरिकन बँडला १९९१मध्ये अफाट यश मिळाल्यावर त्याचा गायक कर्ट कोबेन याने गाण्यांच्या उत्पन्नातले वाटे मागील तारखेपासून बदलून मागितले आणि बँड फुटायच्या बेताला आला होता. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनला १९७५च्या मोठ्या यशानंतर व्यवस्थापकाशी झालेल्या कराराच्या वादामुळे, १९७७मध्ये तडजोड होईपर्यंत, पुढच्या अल्बमसाठी स्टुडिओत जाता आले नाही. तो अल्बम १९७८मध्ये आला. उलट आर.ई.एम. या चौघांच्या अमेरिकन बँडने आपल्या गाण्यांवर चौघांचीही नावे लावायची प्रथा पाळली. समान वाटा प्रत्येक बँडला न्याय्य ठरेल असे नाही. पण आधी ठरवलेला कोणताही वाटा नंतर भांडून मिळवलेल्या वाट्यापेक्षा बरा.

कायदाही समजून घ्यावा, कारण सरावाच्या खोलीतल्या निम्म्या भांडणांचे मूळ अज्ञानात असते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीने गाण्याचे शब्द ही एक कृती, संगीत ही दुसरी आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, म्हणजे ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा; गायक किंवा वादक नव्हे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार व संगीतकार यांना रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देता येत नाही. म्हणजे ‘मला काही नको, तुम्ही बघा’ असे मित्रत्वाने म्हटलेले वाक्यही पुढे उपयोगी पडत नाही. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेकडे गाणे नोंदवताना वाट्यांची बेरीज १००च यावी लागते, आणि बँडमधल्या दोघांनी वेगवेगळे आकडे कळवले की ती कशी येणार?

कागद कसा करावा यात कसलीही विद्या नाही. आम्ही आता जॅमपॅडवर, म्हणजे सरावाच्या खोलीत, रेघांचे फुलस्केप ठेवतो. गाणे शेवटपर्यंत वाजून झाले की त्याच संध्याकाळी, वाद्ये आवरण्यापूर्वी, गाण्याचे नाव, शब्द, चाल, टक्के आणि तारीख लिहून चौघे सह्या करतात. परवाच्या कागदावर कटिंगच्या ग्लासाचा ओला गोल उमटला आहे आणि बेसवाल्याची सही त्या गोलातून गेली आहे. तो कागद तसाच जपून ठेवला आहे. फोटो काढून चौघांच्या ग्रुपवर टाकावा. स्टुडिओत एखादे कडवे बदलले तर त्याच रात्री नवा कागद करावा. संकोच वाटेल. मैत्रीत लिखापढी कशाला, असे कोणीतरी म्हणेलच, आणि बहुधा म्हणणाराच सर्वांत भला माणूस असेल. त्याच्यासाठीच हा कागद आहे.

स्टुडिओत तुमचे ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या निर्मात्याशीही (हा कायद्यातला निर्माता असेलच असे नाही) आधीच बोलून घ्यावे. अमेरिकन ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीने १९९३मध्ये मिनेसोटातल्या पॅकिडर्म स्टुडिओत निर्वानाचा पुढचा अल्बम सुमारे दोन आठवड्यांत ध्वनिमुद्रित केला तो एक लाख डॉलरच्या ठरलेल्या मोबदल्यावर. रॉयल्टीतला वाटा त्याने तत्त्व म्हणून नाकारला होता. तुमचा निर्माता मोबदला मागेल, वाटा मागेल किंवा दोन्ही मागेल. त्याने चालीत भर घातली तर तो संगीतकार ठरतो का, हेही विचारून त्याच फुलस्केपवर लिहावे. एका गाण्यासाठी ढोलकीवाला बोलावला असेल तर त्याला मानधन देताना, वाजवलेला भाग अल्बममध्ये वापरण्याची त्याची लेखी संमती घ्यावी. माणूस ओळखीचा असला तरी घ्यावी.

स्टुडिओ निवडताना यंत्रांची यादी वाचू नये, ड्रमच्या खोलीत उभे राहून टाळी वाजवून पाहावी. शिफ्ट किती तासांची, त्यात मांडामांड धरली आहे का आणि लिफ्टमध्ये बेस ड्रम मावतो का, हे विचारावे. अंधेरीत आम्ही चार मजले चढवला आहे. पावसाळ्यात ध्वनिमुद्रण शक्यतो टाळावे. मुंबईच्या जुलैत अकूस्टिक गिटारचे लाकूड फुगते, तारा फ्रेटबोर्डापासून वर उचलल्या जातात आणि ढोलकीची पाने सैल पडून सूर उतरतो. टाळता येत नसेल तर वाद्ये वातानुकूलित खोलीत तासभर आधी उघडून ठेवावीत आणि मगच सुरात लावावीत. दमट रस्त्यावरून आणलेली गिटार आल्याबरोबर लावली तर तिसऱ्या टेकला ती पुन्हा बेसूर होते.

ध्वनिमुद्रणाच्या दिवसांसाठी फार सांगत नाही. ड्रम आधी, गायन शेवटी, आणि गायनाच्या आदल्या दिवशी कार्यक्रम घेऊ नये. रोज रात्री सगळ्या फाइल दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरी.

मिक्स रिक्षात, मोबाइलच्या स्पीकरवर आणि स्वयंपाकघरात ऐकावे. गाजलेल्या गाण्याशी तुलना करत बसू नये. मास्टरिंग दुसऱ्या माणसाकडून.

वितरणाच्या आधी प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी क्रमांक (त्या ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारा, अक्षरे-आकडे मिळून बारा चिन्हांचा), नावांचे शुद्धलेखन आणि मुखपृष्ठाच्या छायाचित्राची परवानगी तपासावी. मग फॉर्म उघडावा, संगीतकार आणि गीतकार यांच्या रकान्यांत आठवणीने काहीही भरू नये, सह्यांचे कागद समोर ठेवून एकेक गाणे वाचत भरावे आणि तेव्हा चौघेही त्या खोलीत हजर असावेत. एखाद्या गाण्याचा कागद सापडला नाही तर फॉर्म तिथेच बंद करावा.