निपाणी, पण वाचायचं 'निप्पाणि': मराठी डोळ्यांना कन्नड अक्षरांची सवय लावताना

मराठी वाचणाऱ्याला कन्नड लिपी जेमतेम अर्धी नव्याने शिकावी लागते. क-ख-ग-घ हा क्रम तोच, व्यंजनाला स्वराचं चिन्ह लावायची रीत तीच, ळसुद्धा आहे; दोन्ही लिप्या ब्राह्मीच्याच लेकी. मेंदूही प्रत्येक लिपीसाठी वेगळी खोली बांधत नाही. डाव्या बाजूला मागे-खाली शब्दाचं रूप ओळखणारी जागा असते, लिपी कुठलीही असो, काम तिथेच पडतं. तिला नवे आकार दाखवायचे आणि देवनागरीच्या काही खोडी मोडायच्या. वेळ जातो तो खोडी मोडण्यात.

सुरुवात बाराखडी घोकून करू नका. कन्नड वर्णमालेत ४९ अक्षरं: १३ स्वर, ३४ व्यंजनं, २ योगवाह (अनुस्वार आणि विसर्ग). कागुणित, म्हणजे तिकडची बाराखडी, पूर्ण मांडली की ३४ गुणिले १३, म्हणजे ४४२ घरं. मुलं ती चालीवर धडाधड म्हणतात, पण तक्त्यातल्या मधल्याच घरावर बोट ठेवलं की गप्प होतात, कारण पाठ झालेली असते चाल. कन्नड मुलांवर संशोधक सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात अक्षरज्ञान पहिली-दुसरीत पुरं होत नाही, चौथीपर्यंत चालू राहतं असं दिसलं. तेव्हा मोठ्या माणसाने पंधरवड्यात हात टेकू नयेत.

रोज २० मिनिटं पुरे: ५ मिनिटं कालची अक्षरं, १० मिनिटं नवी चार, ५ मिनिटं नुसतं वाचन. चारही अक्षरं एका घराण्यातली घ्या. व, म, प, ष एकत्र लिहा: व च्या उजव्या अंगाला शेपूट आलं की म, प च्या पोटात रेघ आली की ष. र च्या पोटात टिंब दिलं की ठ. आणि एक फुकटची किल्ली: ड-ढ, द-ध, प-फ, ब-भ, च-छ या पाच जोड्यांत अक्षराच्या बुडाशी छोटी उभी रेघ दिसली की महाप्राण, म्हणजे ह मिसळलेला उच्चार. ख आणि घ यांना ही किल्ली लागत नाही, ते वेगळे पाठ करा. सारखी दिसणारी अक्षरं लांब लांब ठेवली तर घोळ टळेल असं वाटतं. पण शेजारी ठेवून हाताने दहा-दहा वेळा गिरवली तरच डोळ्याला नेमका फरक कळतो.

आता खोड्या. पहिली, शेवटचा अ गिळणं. आपण 'राम' लिहितो आणि 'राम्' म्हणतो. बसस्टँडवरच्या 'बस् निल्दाण' या पाटीत स च्या डोक्यावरची काट, म्हणजे तलकट्टु, जाऊन तिथे वळण आलेलं असतं. ते हलन्ताचं, म्हणून स अर्धा. ण ला मुळातच तलकट्टु नसतो, पण हलन्ताचं वळणही नाही, म्हणून तो पूर्ण म्हणायचा. मराठी कानाला तो 'णा'कडे झुकल्यासारखा वाटेल. वाटू द्या.

दुसरी, जोडाक्षर आडवं शोधणं. कन्नडमध्ये दुसरं व्यंजन पहिल्याच्या पायाशी लहान होऊन बसतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात. निपाणीची पाटी जवळून बघा: नि, मग काना लावलेला प, त्याच्या खाली चिमुकला प, मग णि. मराठी डोळा ओळीच्या वरच्या भागावरून सरकतो, कारण तिथे शिरोरेषा असते. तो खालचा प त्याला दिसतच नाही, शिवाय गावाचं नाव आधीच माहीत, म्हणून 'निपाणी' वाचून मोकळा. चिकोडीचंही तसंच, पाटीवर 'चिक्कोडि' आहे. वाचायचा क्रम ठरवून घ्या: आधी वरचं व्यंजन, मग खालचं, शेवटी स्वर, मग स्वराचं चिन्ह वर असो की बाजूला.

तिसरी, रफार डोक्यावर शोधणं. कन्नडमध्ये त्याचं चिन्ह अक्षराच्या नंतर येतं, कन्नड नऊच्या आकड्यासारखं दिसतं आणि उच्चार मात्र आधी होतो. बसवरच्या 'कर्नाटक' मध्ये डोळ्याला क, ना आणि मग ते चिन्ह भेटतं. हे अवघड वाटलं तर आपल्या पहिल्या वेलांटीकडे बघा: 'कि' मध्ये ती क च्या आधी लिहितो आणि नंतर म्हणतो. डोळा असली उलटापालट शिकतो, फक्त सराव लागतो. अनुस्वारही डोक्यावर नसतो; 'संकेश्वर' वाचताना स च्या पुढे ओळीवरच गोल शून्य दिसेल.

चौथी खोड कानाची. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात. 'कोडु' ऱ्हस्व म्हटलं तर दे, दीर्घ म्हटलं तर शिंग. की, के, को तिन्ही लांबवायचे तर पुढे एकच दीर्घाचं चिन्ह येतं, ते एकदा ओळखू लागलात की तीन कामं झाली. पण आधी कोणा कन्नड शेजाऱ्याकडून अशा जोड्या ऐका. कानाला जो फरक कळत नाही तो डोळा धरून ठेवत नाही.

वाचायला आधी माहितीतले शब्द घ्या: बेळगावि, गोकाक, अथणि, हुक्केरि. शब्द एकदा अक्षरं फोडून बरोबर वाचला की त्याचं रूप मनात बसायला लागतं, आणि पुढे तो फोडावा लागत नाही. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाटीवर ६० टक्के कन्नड हवी असा कायदा आहे. त्यावरचा वाद वेगळा, सरावाला मजकूर फुकट मिळतो एवढं खरं. घरी सरावासाठी शब्दांच्या चिठ्ठ्या कराल त्यांवर मात्र कन्नड शब्दाखाली देवनागरी लिहू नका. डोळा ओळखीच्या लिपीकडेच पळतो. उत्तर पाठीमागे लिहा. आठवड्याने चिठ्ठ्या पिसून एका मिनिटात किती वाचल्या ते मोजा आणि चुकलेल्या वेगळ्या काढा. त्यांत बहुतेक ओत्तक्षराच्याच निघतील.

आकडे सगळ्यात शेवटी. २ आणि ३ आपल्यासारखेच दिसतात. ३ आणि ६ एकमेकांसारखे दिसतात, तेव्हा बसचा नंबर दोनदा वाचा.