‘आपण अटॅकिंग खेळतो’: ऑनलाइन बुद्धिबळात या चुका टाळा

ऑनलाइन बुद्धिबळ खेळणाऱ्या कुणालाही विचारा, तुझी शैली कोणती? उत्तर तयार असतं: “आपण अटॅकिंग खेळतो.” मीही कितीतरी दिवस हेच सांगत होतो. मग रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद सांगणारा आकडा, एका जागी अडकलं, म्हणून एकदा हरलेले शेवटचे वीस डाव काढून बसलो आणि प्रत्येकासमोर एवढंच लिहिलं, की डाव नेमका कोणत्या खेळीला हातातून गेला. आक्रमण फसलं म्हणून हरलेला डाव त्यात शोधावा लागला. बाकी सगळीकडे फुकट दिलेला घोडा, उंटाच्या तोंडी नेऊन ठेवलेला वजीर, नाहीतर संपलेलं घड्याळ. याला शैली म्हणणं जरा जडच गेलं.

तुमचं रेटिंग अडकलं असेल, तर पहिलं काम हेच करा. कागद-पेन चालेल. वीस डाव पाहून झाले की दोन-तीनच कारणं पुन्हा पुन्हा येताना दिसतील.

समोरच्याने ही खेळी का केली?

हा प्रश्न स्वतःला न विचारणं, माझ्या कागदावर सगळ्यात जास्त वेळा हेच आलं. एक डाव अजून डोळ्यांसमोर आहे. मी पांढरा, एका घोड्याने पुढे, घड्याळात पाच मिनिटं शिल्लक. राजा जी१ वर (ए ते एच या पटावरच्या उभ्या ओळी, १ ते ८ या आडव्या, १ पांढऱ्याच्या बाजूची), एफ२-जी२-एच२ ही प्यादी जागची हललेली नाहीत. घोडा पार एच५ वर, हल्ल्याच्या तयारीत. समोरच्याने हत्ती सरकवून सी८ वर आणला. सीची उभी ओळ मोकळी होती, पण माझी नजर ए७ वरच्या फुकटच्या प्याद्यावर. दोन सेकंदांत ए१ वरचा हत्ती उचलला आणि ते प्यादं मारलं. त्याचा हत्ती सी१ वर उतरला. शह आणि मात. माझ्याच तीन प्याद्यांनी राजाला कोंडून ठेवलं होतं.

गंमत अशी, की हीच मात मी बुद्धिबळाच्या कोड्यांमध्ये शेकड्याने सोडवली होती. मग डावात का दिसली नाही? कारण कोडं समोर आलं, की ‘इथे काहीतरी आहे’ हे आधीच कळलेलं असतं. डावात कुणी घंटा वाजवत नाही. शिवाय कोड्यात बहुतेक वेळा आपण मारणारे असतो, मार खाणारे नव्हे. म्हणून कोडी सोडवताना अंदाजाने पहिली खेळी करून मोकळं होऊ नका. समोरच्याचं सगळ्यात चिवट उत्तर शोधा आणि मगच हात लावा. रोज पन्नास धडाधड सोडवण्यापेक्षा दहा शेवटपर्यंत पाहिलेली कामी येतात.

डावात मी आता तीन गोष्टी त्याच क्रमाने बघतो: शह, मारामारी, धमकी. आधी समोरच्याच्या, मग माझ्या. त्याच्या शेवटच्या खेळीमुळे कोणती ओळ उघडली, कोणत्या मोहऱ्याचा राखणदार गेला, हे बघायला दहा सेकंद पुरतात. आणि मोकळा वेळ मिळाला की एच३ करून राजाला एक खिडकी ठेवा. शेवटच्या ओळीतली मात मग सहसा लागत नाही.

दहा सेकंद आहेत कुठे?

हा प्रश्न रास्त आहे, कारण बहुतेक जण तीन मिनिटांचे ब्लिट्झ खेळतात, म्हणजे प्रत्येकाला अख्ख्या डावासाठी तीनच मिनिटं. हिशोब करून बघा. चाळीस खेळ्यांचा डाव धरला, तर प्रत्येक खेळीला साडेचार सेकंद येतात. त्यात विचार होत नाही, फक्त सवय चालते, आणि सवय चुकीची असेल तर तीच पक्की होते. पंधरा मिनिटं अधिक दर खेळीला दहा सेकंद असा डाव घेतला, तर तेवढ्याच खेळ्यांना सरासरी साडेबत्तीस सेकंद मिळतात. सुधारायचं असेल तर महिनाभर हेच खेळा. ब्लिट्झ खेळूच नका असं सांगणार नाही, मीही खेळतो. पण तो सराव आहे असं स्वतःला सांगत नाही.

मात्र लांब डाव घेऊनही चौदा मिनिटं शिल्लक असताना हरणारे भरपूर आहेत. वेळ घेतला तर तो वापरायला हवा.

पाठ केलेली ओपनिंग

ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, बारा खेळ्या पाठ करायच्या आणि समोरच्याने तिसऱ्याच खेळीला भलतंच काही केलं की गडबडायचं, हा नेहमीचा प्रकार. लंडन सिस्टिम नावाची ओपनिंग पांढऱ्याकडून खेळणाऱ्यांचं तर ठरलेलं असतं: उंट एफ४ वर, मग ई३, सी३, एच३, समोर काहीही होवो. पण सी१ वरचा उंट बाहेर पडला की बी२ वरचं प्यादं उघडं पडतं. काळा वजीर बी६ वर आला, की तुमची पुढची ठरलेली खेळी बाजूला ठेवून आधी त्या प्याद्याकडे बघायला हवं. ओपनिंग वाईट नाही, डोळे मिटून खेळणं वाईट.

उलट बाजूची तक्रारही ऐकू येते: “तो दुसऱ्याच खेळीला वजीर एच५ वर आणतो आणि मी गडबडतो.” दोघांची राजासमोरची प्यादी दोन-दोन घरं पुढे आली आहेत आणि वजीर एच५ वर आला, तर घाईने जी६ करू नका. वजीर ई५ वरचं प्यादं शह देत मारेल आणि त्याच तिरक्या रेषेत एच८ वरचा हत्तीही टिपेल. आधी घोडा सी६, म्हणजे प्यादं राखलं. त्याने उंट सी४ वर आणून एफ७ वर मात करण्याची धमकी दिली की आता जी६. वजीर एफ३ वर परतून पुन्हा एफ७ कडे बघेल, तेव्हा घोडा एफ६. तुमचे दोन घोडे बाहेर, आणि त्याच्या वजिराने त्याच्याच घोड्याची हक्काची जागा अडवलेली. तिथून पुढे तुमचाच डाव सोपा आहे.

इंजिन लगेच उघडू नका

डाव संपला रे संपला की इंजिन (डाव तपासणारा संगणक प्रोग्राम) लावायचं, लाल खुणा बघायच्या, “अरेच्चा” म्हणायचं आणि पुढचा डाव. यातून हाती काही लागत नाही. आधी स्वतः डाव पुन्हा चालवा आणि ‘इथे मला काय वाटत होतं’ ते दोन ठिकाणी तरी लिहा. मग इंजिनला विचारा. ते चूक दाखवतं. ती का झाली हे फक्त तुम्हाला ठाऊक असतं. आणि प्याद्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या फरकावर डोकं शिणवू नका, हजार-बाराशे रेटिंगला डाव त्यावर ठरत नाहीत.

शेवटच्या टप्प्यातले दोन खड्डे

एक: राजा-प्याद्याचा डाव. राजा ई६, प्यादं ई५, समोरचा राजा ई८, तर खेळी कुणाचीही असो, तुम्ही जिंकता. तेच प्यादं ई६ वर पुढे ढकललं आणि राजा ई५ वर मागे राहिला, तर नीट खेळणारा बरोबरी काढतो. म्हणजे आधी राजा पुढे, प्यादं मागून. कडेच्या ए आणि एच या प्याद्यांना मात्र हा नियम लागू नाही.

दोन: स्टेलमेट. मोबाइलवर शेवटचे पंधरा सेकंद उरलेत, प्यादं टोकाला पोचून आपोआप वजीर झालंय आणि बोट थांबत नाहीये. समोरचा एकटा राजा एच८ वर, तुम्ही वजीर जी६ वर ठेवता. शह नाही आणि त्याला जायला एकही घर नाही. डाव बरोबरीत, अर्धा गुण. माझे असे इतके डाव गेलेत, की आता एकट्या राजासमोर वजीर हलवण्याआधी त्याला कुठलं घर उरतंय ते मोठ्याने म्हणतो. घरचे हसतात.